इग्निशनची चावी फिरेना: जुन्या गाडीचं अडकलेलं कुलूप दुरुस्त करताना

चावी घातली, फिरवली आणि ती जागची हललीच नाही, की हात आपोआप जोर लावतो. पहिली विनंती हीच आहे, की जोर लावू नका. चावी पिळवटते, भोकात तुटते आणि दहा मिनिटांच्या कामाला दिवस जातो. पक्कड लावून चावी फिरवायचा सल्ला कुणी दिला तर तो तर मुळीच ऐकू नका.

इग्निशनचं कुलूप अडकण्याची कारणं मोजकी आहेत. त्यातली बरीचशी एकही स्क्रू न काढता दूर होतात. मात्र आधी एक गोष्ट मनात पक्की हवी: चावी हा त्या कुलपाचाच एक सुटा भाग आहे. वर्षानुवर्षं कुलूप जितकं झिजतं तितकीच चावीही झिजते. लोक कुलपात तेल ओतत राहतात, बॅरल बदलतात आणि ज्या चावीमुळे हे सगळं सुरू झालं ती तशीच खिशात राहते. म्हणून या लेखात चावीला जरा जास्तच जागा दिली आहे.

लेख धातूची चावी फिरवून सुरू होणाऱ्या गाड्यांपुरता आहे. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचं तंत्र निराळं असतं.

त्या एका भोकामागे काय काय असतं

बाहेरून एकच भोक दिसतं, पण मागे तीन वेगळ्या वस्तू एका ओळीत असतात. सगळ्यात पुढे बॅरल, म्हणजे चावी ज्यात जाते तो गोल भाग. त्याच्यामागे स्टिअरिंग लॉक. हा पोलादाचा एक खिट्टीसारखा तुकडा असतो, जो चावी काढल्यावर स्टिअरिंगच्या दांड्याच्या खाचेत जाऊन बसतो. सगळ्यात मागे विजेचा इग्निशन स्विच, ज्याला वायरी जोडलेल्या असतात. ऑटोमॅटिक गिअरच्या बऱ्याच गाड्यांत यांच्या जोडीला आणखी एक अडसर असतो: गिअर ‘पी’वर नसेल तर चावी बाहेर येऊ न देणारा.

हे सगळं सुरुवातीपासून एकत्र नव्हतं. जुन्या गाड्यांत चावीने फक्त वीज चालू व्हायची आणि सेल्फ मारायला वेगळं बटण किंवा पायाखालचा खटका असायचा. चावी फिरवूनच सेल्फ मारायची सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली. पुढे चोरी रोखण्यासाठी स्टिअरिंग लॉकही त्याच भोकाला जोडलं गेलं. अमेरिकेत तर १ जानेवारी १९७० पासून, चावी काढल्यावर स्टिअरिंग वळू नये किंवा गाडी स्वतःच्या जोरावर पुढे जाऊ नये, अशी व्यवस्था नव्या गाड्यांना सक्तीची झाली. एका भोकावर तीन कामं आली, त्यामुळे ‘चावी फिरत नाही’ या एका तक्रारीची मुळंही तीन ठिकाणी असू शकतात.

आता बॅरलच्या आत. बहुतेक गाड्यांच्या बॅरलमध्ये पितळेची चपटी, पातळ पाती एकामागे एक बसवलेली असतात. प्रत्येक पात्याच्या मध्यभागी एक चौकोनी खिडकी असते आणि चावी त्या खिडक्यांतून आत जाते. प्रत्येक पात्याला एक बारीक स्प्रिंग एका बाजूला ढकलत असते, त्यामुळे चावी नसताना पाती बॅरलच्या बाहेर डोकावतात आणि हाउसिंगच्या, म्हणजे बॅरल ज्यात बसतो त्या बाहेरच्या कवचाच्या, खाचेत अडकून बसतात. योग्य चावी घातली की तिच्या दात्यांमुळे प्रत्येक पातं नेमक्या उंचीवर येतं, सगळ्या पात्यांच्या कडा बॅरलच्या पृष्ठभागाशी सपाट होतात आणि बॅरल फिरतो. दात्यांच्या खोल्या ठरावीक असतात आणि बऱ्याच गाड्यांत एका खोलीत आणि तिच्या लगतच्या खोलीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच फरक असतो. त्यामुळे त्याच्या निम्मी झीजसुद्धा एखादं पातं अडकवायला पुरते. सगळी पाती बरोबर बसली आणि एकच चुकलं, तरी बॅरल हलत नाही.

आधी लक्षण नीट बघा

चावी आतच जात नसेल, किंवा अर्ध्यात थांबत असेल, तर भोकात काहीतरी आहे: मोडक्या चावीचा तुकडा, कचरा, किंवा तोंडावरची धूळ अडवणारी छोटी झडप वाकली आहे. टॉर्चचा उजेड पाडून आत बघा.

चावी पूर्ण आत जाते पण फिरत नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. इथे स्टिअरिंगचा ताण, झिजलेली चावी किंवा अडकलेली पाती यांपैकी काहीतरी असतं.

चावी सहज फिरते पण गाडीत काहीच होत नाही, दिवे लागत नाहीत, तर कुलूप निर्दोष आहे. बॅटरी, फ्यूज आणि मागचा विजेचा स्विच तपासा. कुलपाला हात लावू नका.

चावी ‘स्टार्ट’वरून स्वतःहून मागे येत नाही, हे लक्षण मात्र गंभीर आहे. इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ फिरतच राहतो आणि जळतो. चावी लगेच हाताने मागे ओढा. तरी सेल्फ थांबला नाही तर बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढा, आणि दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी वापरू नका.

उरली शेवटची तक्रार: चावी फिरते, पण बाहेर निघत नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर आधी गिअरचा दांडा ‘पी’मध्ये जोर देऊन पुन्हा नीट बसवा. दांडा ‘पी’वर दिसतो, पण केबल सैल पडल्यामुळे आतून तो पूर्ण पोचलेला नसतो. बॅटरी साफ उतरली असेल तर विजेवर चालणारा अडसर सुटत नाही, आणि बॅटरीला दुसऱ्या गाडीचा आधार दिला की चावी मुकाट बाहेर येते. काही गाड्यांत चावी ‘लॉक’पर्यंत न्यायला ती किंचित आत दाबावी लागते किंवा स्टिअरिंग कॉलमवरचं, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीच्या भागावरचं, छोटं बटण दाबावं लागतं. जुनी गाडी नव्याने हातात आली असेल तर हे आधी तपासून बघा.

काहीही न उघडता करून बघायच्या गोष्टी

गाडी उभी करताना पुढची चाकं वळलेली राहिली असतील किंवा एखादं चाक कडेच्या दगडाला टेकलेलं असेल, तर चाकांचा ताण स्टिअरिंगच्या दांड्यातून थेट त्या खिट्टीवर येतो. खिट्टी खाचेत घट्ट धरली जाते आणि चावी कितीही चांगली असली तरी फिरत नाही.

अशा वेळी डाव्या हाताने स्टिअरिंग एका बाजूला दाबा आणि उजव्या हाताने चावी हलकेच फिरवत राहा. नाही सुटलं तर दुसऱ्या बाजूला दाबा. एका बाजूला स्टिअरिंग एकदम टणक लागतं आणि दुसऱ्या बाजूला थोडंसं सैल हलतं. सैल बाजूला नेऊन तिथे धरलं की खिट्टीवरचा दाब उतरतो. हिसके देऊ नका. दोन्ही हातांचा मेळ बसला की ‘टक’ असा आवाज येतो आणि चावी फिरते. चाक दगडाला फारच दाबलेलं असेल तर मागच्या चाकांना उटी लावून, हँडब्रेक ओढून, पुढची बाजू जॅकवर थोडी उचला. चाक जमिनीवरून सुटलं की ताणही सुटतो.

स्टिअरिंगने काम झालं नाही तर चावी पूर्ण आत घालून साधारण एक मिलिमीटर बाहेर ओढा आणि तिथेच फिरवून बघा. या युक्तीने चावी फिरली तर निदानही झालं: चावी किंवा पाती झिजली आहेत आणि दाते आपापल्या पात्याखाली नेमके येत नाहीत.

पुढची पायरी म्हणजे चावी आत ठेवून तिच्या माथ्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलके टकटक करणं. एका हाताने चावीला अगदी थोडा वळण्याचा ताण द्या आणि दुसऱ्या हाताने ठोका. या कंपनाने चिकटलेली पाती स्प्रिंगच्या जोराने जागेवर येतात. चावीच्या माथ्यात इमोबिलायझरची (ओळखीची चिप नसेल तर इंजिन चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची) चिप असेल तर ठोकायचं टाळा. ही चिप काचेची असू शकते.

चावी हातात घेऊन नीट बघा

माझ्या जुन्या गाडीची चावी वर्षभर कुरकुरत होती. आधी दहातून एकदा अडायची, मग रोज. मी साफसफाई केली, वंगण घातलं, आठवडाभर बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. शेवटी कपाटात पडून असलेली, कधीच न वापरलेली दुसरी चावी काढली. पहिल्या झटक्यात कुलूप फिरलं. मग दोन्ही चाव्या खिडकीपाशी उजेडात एकावर एक ठेवून धरल्या. न वापरलेल्या चावीचे दाते टोकदार होते, दोन दात्यांमधली सपाटी स्पष्ट दिसत होती. रोजच्या चावीवर त्याच जागी नुसत्या गुळगुळीत लाटा उरल्या होत्या. टोकाजवळच्या दात्यापाशी तर दोन्हींमध्ये उजेडाची बारीक फट दिसत होती. झीज टोकाकडे जास्त असते, कारण टोकाचा भाग आत जाताना प्रत्येक पात्याला घासून जातो.

तेव्हा गाडीसोबत आलेली दुसरी चावी कुठे असेल तर ती सगळ्यात आधी शोधा.

नसेल तर हातातली चावी सपाट काचेवर ठेवून वाकलेली आहे का बघा. किंचित वाकलेली चावी दोन लाकडी ठोकळ्यांत धरून, लाकडावरूनच हातोडीने हलके ठोकून सरळ करता येते. वाकलेल्या जागी तडा दिसला तर ती चावी वापरातून काढा. कडांना धातूचा कंगोरा उठला असेल तर अगदी बारीक कानशीने तो फक्त पुसल्यासारखा काढा. दात्यांच्या तळाला कानस लावू नका. तिथून धातू गेला की उंची कायमची बदलते.

नवी चावी करून घेताना बहुतेकांची इथेच चूक होते. झिजलेली चावी यंत्रावर लावून तिची नक्कल काढली, तर नक्कल झिजेचीही होते. नवी कोरी चावी पहिल्या दिवसापासून झिजलेली असते. त्याऐवजी चावी कोडवरून कापून घ्या. गाडी नवी असताना चाव्यांसोबत एक छोटी धातूची पट्टी मिळते, तिच्यावर हा कोड असतो. काही गाड्यांत तो दाराच्या किंवा इग्निशनच्या बॅरलवर कोरलेला असतो. तोही नसेल तर गाडीच्या कंपनीचा अधिकृत विक्रेता मालकीची कागदपत्रं बघून चासी नंबरावरून तो काढून देऊ शकतो. फार जुन्या गाड्यांच्या नोंदी मिळतीलच असं नाही, पण विचारून बघावं. कोड नसला तरी जाणकार चावीवाला झिजलेल्या दात्यांच्या खोल्या मोजून, त्या मूळच्या ठरावीक खोल्यांपैकी कुठल्या असाव्यात हे ओळखतो आणि त्यानुसार चावी कापतो.

इमोबिलायझर असलेल्या गाडीत साध्या धातूच्या चावीने कुलूप फिरेल, पण इंजिन चालू राहणार नाही. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली आणि त्याच सुमारास ती इतरत्रही पसरली. त्यामुळे त्या काळाच्या जवळपासची गाडी असेल तर हे आधी तपासा. कुलूप दुरुस्त झालं की नाही हे बघण्यापुरती मात्र साधी चावी पुरते, म्हणून चिपवाल्या महागड्या चावीआधी साधी कापून फिरवून बघणं शहाणपणाचं आहे.

सफाई आणि वंगण

चावी ठीक आहे आणि तरी अडतं, तर दोष बहुधा मळाचा. वर्षानुवर्षं खिशातला दोरा-धागा, धूळ, झिजलेल्या पितळेची पूड आणि कुणीतरी कधीतरी टाकलेलं तेल यांचा आत चिखल होतो. त्यात पाती चिकटतात आणि स्प्रिंगला ती परत ढकलता येत नाहीत.

आधी धुणं, मग वंगण. हा क्रम मोडू नका. विजेच्या जोडण्या साफ करायचा काँटॅक्ट क्लीनर घ्या. बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढा, काचा उघड्या ठेवा, जवळपास आग नको. क्लीनरची बारीक नळी भोकात घालून दोन-तीन छोटे फवारे मारा, खाली फडकं धरा. चावी आत-बाहेर पंधरा-वीस वेळा करा आणि प्रत्येक वेळी ती फडक्याला पुसा. सुरुवातीला फडक्यावर काळपट चिखल येतो आणि त्यात पितळेची चमकणारी पूड दिसते. पुसल्यावर चावी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहा, मग आतलं पूर्ण वाळू द्या.

वंगण कोरडंच हवं. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, कोरडा फवारा ही माझी पसंती. ग्रॅफाइटची पूडही दाराच्या कुलपांत उत्तम चालते, पण ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि इग्निशनच्या मागेच विजेचा स्विच असतो. वापरायचीच असेल तर चिमूटभर, चावीला लावून. तेल आणि ग्रॅफाइट कधीही एकत्र करू नका, त्याची लुगदी होते. इंजिन ऑइल, शिवणयंत्राचं तेल, ग्रीस यांतलं काहीही बॅरलमध्ये नको. दोन दिवस छान वाटतं आणि मग त्यावर धूळ बसते. डब्ल्यूडी-४० चिकटलेलं सोडवायला आणि मळ धुवायला कामाचं आहे, पण वंगण म्हणून ते टिकत नाही. वापरलंत तर नंतर क्लीनरने धुऊन काढा आणि कोरडं वंगण घाला.

भोकात चावी मोडली असेल तर बॅरल चावी निघायच्या स्थितीत, म्हणजे ‘लॉक’वर आहे ना ते आधी बघा. इतर कुठल्याही स्थितीत तुकडा बाहेर येणार नाही. थोडा क्लीनर मारा आणि नक्षी कोरायच्या करवतीचं अगदी बारीक पातं, दात बाहेरच्या बाजूला वळलेले ठेवून, तुकड्याच्या कडेने आत सरकवा. दात तुकड्यात रुतवा आणि सरळ बाहेर ओढा. काडीला चिकटपट्टीचा गोंद लावून तुकडा ओढायचा मोह टाळा. गोंद पात्यांवर गेला की बॅरलच गेला.

बॅरल बाहेर काढणं

सफाई आणि चांगली चावी यांनीही भागलं नाही, तर आता उघडावं लागेल. चावी एकदा तरी ‘ॲक्सेसरी’पर्यंत (‘लॉक’ आणि ‘ऑन’ यांच्या मधली, फक्त रेडिओसारख्या गोष्टी चालणारी स्थिती) फिरत असेल तर हे काम घरी करण्यासारखं आहे. आज फिरतेय तेवढ्यात करून टाका. कायमची अडकली की हेच काम कितीतरी पटीने अवघड होतं.

स्टिअरिंग सरळ करा, हँडब्रेक ओढा, चाकांना उटी लावा, बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला बांधा. एअरबॅग असेल तर तिच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. किती वेळ थांबायचं ते त्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, नसेल तर मी अर्धा तास थांबतो. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि पिवळे जोड बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका.

स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर दोन तुकड्यांचं असतं आणि त्याचे स्क्रू खालून असतात. काही स्क्रू स्टिअरिंग अर्धं वळवल्यावरच दिसतात. स्क्रू काढल्यावरही कव्हर कडेच्या खाचांत अडकलेलं असतं. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून प्लास्टिकच्याच चपट्या पट्टीने हळूहळू सोडवा. प्रत्येक टप्प्यावर फोनवर फोटो काढा. बॅरलच्या तोंडाभोवती प्लास्टिकचं कडं असेल तर ते इमोबिलायझरचं. त्याची वायर नाजूक असते, जोड आधी सोडवा आणि कडं सरळ पुढे ओढा.

आता हाउसिंगच्या बाजूला किंवा खाली दोन-तीन मिलिमीटरचं एक भोक शोधा. त्याच्या आत बॅरल धरून ठेवणारी छोटी खुंटी असते. चावी ‘ॲक्सेसरी’वर नेली की बऱ्याच गाड्यांत ही खुंटी भोकासमोर येते, काही गाड्यांत ‘ऑन’वर येते. बारीक पंचने खुंटी आत दाबा आणि दाबलेली ठेवूनच चावीसकट बॅरल बाहेर ओढा. नाही आला तर चावी केसभर इकडेतिकडे करत दाबत राहा. बॅरल कुठल्या स्थितीत बाहेर आला ते लिहून ठेवा, परत घालताना तीच स्थिती लागेल.

बॅरल बाहेर असताना एक चाचणी जरूर करा. हाउसिंगच्या आत मागे एक खाच दिसेल, तिच्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हलके फिरवा. ती खाच सहज फिरली आणि स्प्रिंगने ‘स्टार्ट’वरून मागे आली, तर मागचा भाग चांगला आहे आणि दोष बॅरलमध्ये आहे. ती जड लागली, अडली, किंवा परत आली नाही, तर बॅरल कितीही साफ केला तरी उपयोग नाही. दोष विजेच्या स्विचमध्ये किंवा स्टिअरिंगच्या खिट्टीत आहे. स्विच बहुधा मागून दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेला असतो आणि तेवढाच वेगळा बदलता येतो.

बॅरल टेबलावर

कड असलेल्या पांढऱ्या ताटलीत काम करा. स्प्रिंगा तांदळाच्या दाण्याहून बारीक असतात आणि उडाल्या की सापडत नाहीत. चावी आत राहू द्या.

चावी पूर्ण आत असताना बॅरलवर बोट फिरवा. सगळी पाती पृष्ठभागाशी सपाट हवीत. ज्याची कड नखाला लागते ते पातं गुन्हेगार. बाहेर डोकावतं की आत बुडालेलं आहे तेही बघा, कारण दोन्ही बाजूंनी अडतं. मग चावी हळूहळू बाहेर काढत जा आणि प्रत्येक पातं स्प्रिंगने चटकन उसळतं का ते बघा. जे रेंगाळतं त्याची स्प्रिंग मेली आहे किंवा खाच मळली आहे. पाती निसटून पडू शकतात, म्हणून बॅरलभोवती बोटांचा घेर धरून ठेवा.

पाती एकेक करून काढा आणि जाड कागदावर क्रमाने ठेवा. पहिलं, दुसरं असं लिहून, स्प्रिंग त्याच्याच शेजारी. हा क्रम बिघडला तर बॅरल कुठल्याच चावीने चालणार नाही. प्रत्येक पातं, खाच आणि स्प्रिंग क्लीनर आणि जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा. पात्याच्या खिडकीची कड भिंगातून बघा. झिजलेल्या पात्यात चावी टेकते तिथे खोबण पडलेली दिसते. अनेक पात्यांवर त्यांच्या उंचीचा आकडा कोरलेला असतो. त्याच आकड्याचं पातं जुन्या, मोडीत निघालेल्या बॅरलमधून किंवा चावीवाल्याच्या साठ्यातून मिळू शकतं.

डोकावणारं पातं कानशीने घासून सपाट करायची पद्धत सर्रास चालते. मला ती पटत नाही. झिजलेल्या चावीला जुळवून पाती घासली, की कुलूप त्या झिजलेल्या चावीचंच होऊन बसतं. पुढे कोडवरून नवी चावी केली तरी ती लागणार नाही. शिवाय घासलेली पाती भलत्या चावीलाही दाद देऊ लागतात. कडेचा उठलेला कंगोरा काढणं वेगळं, पातं लहान करणं वेगळं.

सगळं वाळल्यावर पाती क्रमाने बसवा, पीटीएफईचा हलका फवारा मारा आणि बॅरल गाडीत घालण्याआधी हातातच वीस-पंचवीस वेळा चावी घालून-काढून बघा. एकदाही कड नखाला लागता कामा नये.

बॅरल पूर्णच झिजला असेल तर नवा घ्यावा लागतो आणि मग दारांची चावी वेगळी, इग्निशनची वेगळी होते. हे टाळायचं असेल तर जुन्या बॅरलमधली चांगली पाती नव्यात त्याच क्रमाने बसवता येतात, मात्र दोन्ही बॅरल एकाच प्रकारचे हवेत. इमोबिलायझरची चिप चावीत असते, बॅरलमध्ये नाही. त्यामुळे बॅरल बदलला तरी जुन्या चावीतली चिप तशीच उपयोगी पडते.

चावी अजिबातच फिरत नसेल तर

खुंटी भोकासमोर आणता येत नाही, म्हणून वरची पद्धत लागू होत नाही. इथे माझा स्पष्ट सल्ला आहे, की ड्रिल हातात घेण्याआधी मोटारींची कुलपं उघडणाऱ्या जाणकार कारागिराला बोलवा. बऱ्याचदा तो आपल्या हत्यारांनी पाती बसवून बॅरल एकदा फिरवून देतो आणि तेवढ्यावर पुढचं सगळं काम मोडतोड न करता होतं.

ड्रिल हा शेवटचा उपाय आणि तो वापरायच्या आधी नवा बॅरल हातात आलेला हवा. डोळ्यांवर चष्मा लावा, कॉलमच्या फटी चिकटपट्टीने बंद करा म्हणजे धातूचा चुरा स्विचमध्ये जाणार नाही. नवा बॅरल शेजारी धरून पाती नेमकी कुठल्या रेषेत आहेत ते बघा, तीन मिलिमीटरच्या बिटने त्या रेषेत सुरुवात करा आणि मग बिट वाढवा. हाउसिंग मऊ मिश्रधातूचं ओतीव असतं, बिट तिरकी गेली की त्यालाच भोक पडतं.

दुसरा मार्ग अख्खं हाउसिंग उतरवायचा. ते ज्या बोल्टांनी बसवलेलं असतं त्यांची डोकी कारखान्यातच मुद्दाम तोडलेली असतात, म्हणजे पाना लागू नये. छिन्नीने बोल्टाच्या कडेला खाच पाडायची आणि त्या खाचेत पंच लावून उलट्या दिशेने ठोकत बोल्ट फिरवायचा. परत बसवताना त्याच प्रकारचे नवे बोल्ट वापरा आणि सगळ्या चाचण्या झाल्याशिवाय त्यांची डोकी तोडू नका.

जोडल्यावरच्या चाचण्या

बॅरल ज्या स्थितीत निघाला त्याच स्थितीत ठेवून, त्याची मागची जीभ खाचेशी जुळवून आत सरकवा. खुंटी ‘टक’ वाजून बसते. चावी ओढून बॅरल बाहेर येत नाही ना ते बघा. कव्हर लावायची घाई नको. आधी बॅटरी जोडा.

गाडी उभी असतानाच चावी ‘ऑन’वरून ‘ॲक्सेसरी’वर आणा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ते मोकळं राहिलं पाहिजे. खिट्टी चावी ‘लॉक’वर नेऊन बाहेर काढल्यानंतरच बसली पाहिजे. दहा वेळा करा. चावी आत असताना एकदाही स्टिअरिंग अडलं, तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका. चालत्या गाडीत खिट्टी बसली तर वळताच येणार नाही. या भीतीने काही जण खिट्टीच कापून टाकतात. त्याचे तुकडे आत राहून नेमकं तेच घडू शकतं, शिवाय चोरीपासूनचं संरक्षण जातं. बिघडलेलं स्टिअरिंग लॉक अख्खं बदलावं.

मग इंजिन सुरू करा आणि चावी सोडल्यावर ती लगेच ‘ऑन’वर येते का बघा. इंजिन चालू असताना चावी हलकेच हलवा, तिला थोडा खाली भार द्या. इंजिन बंद पडलं, दिवे लुकलुकले किंवा चावी आपोआप मागे सरकली, तर स्विच बदलायला झाला आहे. हा दोष किरकोळ समजू नका. २०१४ मध्ये जनरल मोटर्सला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण त्यांच्या स्विचची पकड कमकुवत होती. चालत्या गाडीत चावी ‘ऑन’वरून सरकायची, इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग बंद पडायचं आणि धडक झाली तर एअरबॅग उघडायच्या नाहीत. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलं होतं, की चावीच्या कडीत चावीशिवाय काहीही ठेवू नका.

तुमच्याही कडीतून घराच्या, ऑफिसच्या चाव्या आजच वेगळ्या करा. कडीचा भार चालत्या गाडीत सतत हिंदकळतो आणि बॅरल एका अंगाने झिजवतो. वर्षातून दोनदा कोरड्या वंगणाचा एक फवारा पुरे. कोडवरून केलेली नवी चावी रोजच्या वापरात घ्या, झिजलेली चावी फेकून द्या म्हणजे तिची नक्कल पुन्हा कुणी काढणार नाही, आणि कोडचा आकडा घरातल्या कागदांत लिहून ठेवा, गाडीत नाही.